कुलगुरू झाडूच्या खोलीत गेलेच नव्हते

१. सरळ

शेवटी कुलगुरूंना झाडूच्या खोलीतून सुखरूप बाहेर काढण्यात आलं. त्यांच्या कोटाला फिनेलचा वास येत होता आणि खांद्यावर फरशी पुसायच्या फडक्याचा एक ओला धागा होता. विद्यापीठाच्या म्हणण्यानुसार मात्र कुलगुरू झाडूच्या खोलीत गेलेच नव्हते. तेव्हा आपणही ते गेले नव्हते असं धरू, आणि मग ते तिथे गेले कसे हे शोधू.

त्या दिवशी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या नव्या दिशादर्शक पाट्यांचं उद्घाटन होतं. फीत नव्हती, कात्री नव्हती. कुलगुरूंनी मुख्य दारातून एकट्याने आत यायचं, पाटी वाचायची आणि कुणालाही न विचारता हव्या त्या विभागात पोचायचं. कल्पना पाट्या करणाऱ्या मुलीची. आपण तिला ताई म्हणू, कारण तिचा धाकटा भाऊ तसं म्हणतो आणि या गोष्टीत तिच्याशी सरळ बोलणारा तेवढाच आहे.

कुलगुरूंनी पाटी वाचली आणि संदर्भ विभागात जायचं ठरवलं. तो वरच्या मजल्यावर. फेरी संपली की सत्कारही वरच व्हायचा होता, म्हणून जिन्याच्या माथ्यावर ताई, ग्रंथपाल आणि सगळे पाहुणे फुलं घेऊन उभे. फुलांनी माना टाकल्या तरी कुलगुरूंचा पत्ता नाही.

धाकटा खाली बाकावर बसला होता. तो कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला दिसत नव्हतं, आणि ऐकू मात्र लोकांच्या सोयीपेक्षा जरा जास्त येत होतं. समोरच्या बोळाच्या टोकाकडून त्याला ठकठक ऐकू आली. तो काठी टेकत गेला.

"आत कोण आहे?"

"कुलगुरू."

"आणि मी अंतराळवीर," असं म्हणत धाकट्याने बाहेरून आपोआप पडलेली खिट्टी काढली.

दुपारी, जेवणं होऊन बराच वेळ गेल्यावर, ग्रंथपालांनी ताईला बोलावून घेतलं. ग्रंथालयात सगळे त्यांना पाठीमागे 'अप्रतिम' म्हणत, कारण ते कशालाही अप्रतिम म्हणत. पाट्यांचे नमुने दाखवले तेव्हा अप्रतिम. छत गळतंय म्हणून खाली बादली ठेवली तेव्हा बादलीला अप्रतिम. माणूस गुळगुळीत, शांत, अत्तर लावलेला, नुकतीच इस्त्री केल्यासारखा. फक्त डाव्या गालावर उभे वळ उमटलेले होते, पट्टेरी कापडावर गाल दाबून धरावा तसे.

"काम अप्रतिम होतं तुमचं," ते म्हणाले. "दुर्दैवाने काढावं लागणार. संध्याकाळी समिती बसतेय. पाट्या उतरवायच्या आणि तुम्हाला पुन्हा कुठलंच काम द्यायचं नाही, एवढं ठरलं की झालं."

"पण का?"

"झाल्या प्रकारामुळे."

"झालं काहीच नाही, असं तुम्हीच सकाळपासून सगळ्यांना सांगताय."

"बरोबर. झालं काहीच नाही. पण ते तुमच्यामुळे झालं."

ताईला ओरडायचं होतं, पण तोंडातून निघाली ती नुसती खरखर. याचं कारण सांगायला हवं. ग्रंथालयात अंध वाचकांसाठी एक श्राव्य कक्ष होता. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारी यंत्रं, हेडफोन, सगळी तयारी. धाकट्याने हे विद्यापीठ त्या एका खोलीसाठी निवडलं, आणि तो आला त्या दिवसापासून तिथे दुरुस्ती चालू होती. आता परीक्षा डोक्यावर आलेली. म्हणून ताई रोज फोनवरून त्याला पुस्तकं वाचून दाखवायची. कलमं, उपकलमं, उपकलमांचे अपवाद. माणसाला संतापायला आवाज लागतो, आणि तिचा सगळा आवाज भाडेकरूंच्या हक्कांत खर्च झाला होता.

ती तरातरा मुख्य दालनात आली आणि पाटीसमोर उभी राहिली. काल संध्याकाळी तिने स्वतः तपासलेली पाटी. वर देवघेव विभाग, उजवीकडे. खाली प्रसाधनगृह, तेही उजवीकडे. मधली ओळ तिने पाहिली, आणि डोळे मिटून पुन्हा पाहिली.

मधली ओळ तिने लावलेली नव्हती.

२. उजवीकडे

या पाट्यांची रचना अशी होती. एक चौकट, तिच्यात नावाच्या पट्ट्या बाजूने सरकवायच्या, आणि प्रत्येक नावाशेजारी बाणाचा एक चौकोन बसवायचा. उद्या एखादा विभाग हलला तर अख्खी पाटी फोडावी लागू नये म्हणून. जादा पट्ट्या आणि जादा चौकोन एका पेटीत घालून तिने ग्रंथालयाच्या हवाली केले होते.

मधल्या ओळीत तिने लावलं होतं: 'श्राव्य कक्ष', डावीकडे. आता तिथे होतं: 'संदर्भ विभाग', आणि शेजारी वर टोक असलेला बाण.

आता वर टोक म्हणजे काय? ताईच्या धंद्यात वर टोक म्हणजे सरळ पुढे. वरच्या मजल्याला बाण नसतो, जिन्याचं चित्र असतं. कुलगुरूंनी प्रवेशद्वाराशी लावलेला चिन्हांचा खुलासा नीट वाचला होता. ते आज्ञाधारकपणे सरळ गेले. सरळ गेल्यावर झाडूची खोली लागते.

काल ताई निघाली तेव्हा कुलूपबंद इमारतीत तीनच माणसं उरली होती. ग्रंथपाल, चौकशीच्या खिडकीवरच्या काकू, आणि इमारतीचे इंजिनिअर. त्यांतल्या एकाचं नाव तिच्या डोक्यात आधीच पेटलं होतं.

इंजिनिअर साहेबांना 'हरकत' म्हणत. त्यांची पाट्यांच्या आकाराला हरकत होती, रंगाला होती, खिळ्यांना होती, आणि सगळ्यांत मोठी त्या बाणाला. 'वर जायचं तर वरचा बाण का नको' या एका प्रश्नावर त्यांनी बैठक जेवणाच्या पुढे नेली होती. शेवटी हरले आणि त्या दिवसापासून ताईला नमस्कार करणं बंद केलं.

ती गेली तेव्हा हरकत पंपाच्या खोलीत एका मोटारीवर हरकत घेत होते.

"तुम्ही केलंत," ताई खरखरली.

"काय म्हणालात? घसा बसलाय तुमचा. त्यालाही माझी हरकत आहे, पण बोला."

"संदर्भ विभागाला वरचा बाण. तुमचा लाडका. माझ्यावर सूड उगवायला कुलगुरूंना झाडूत घातलंत."

हरकत पाना हातात घेऊन सरळ उभे राहिले. चेहरा लाल.

"मॅडम, मी त्या बाणासाठी तुमच्याशी भांडलो. उपाशी भांडलो. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते मला झोपेत उठवून विचारा. वरचा बाण म्हणजे सरळ. मजला बदलायचा तर जिन्याचं चित्र. मूर्ख नियम आहे. पण हे बघा."

त्यांनी दाराकडे बोट केलं. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं याचे फलक याच आठवड्यात त्यांनी स्वतः इमारतभर लावले होते. प्रत्येकावर, जिथे जिना, तिथे जिन्याचं चित्र. जिथे सरळ, तिथे वरचा बाण.

"हे लावताना मी एकेका खिळ्याला शिव्या घातल्या," हरकत म्हणाले. "पण लावलं तुमच्याच नियमाने. आता निघा."

ताई निघाली. तिचा राग तेवढाच होता, फक्त त्याला आता घर उरलं नव्हतं.

३. चौकशी

चौकशीच्या काकू खिडकीत बसून पुस्तक वाचत होत्या. ग्रंथालयात नोकरी करणारं माणूस पुस्तक वाचतंय हे दृश्य इतकं दुर्मीळ होतं की ताई क्षणभर थबकली.

"ये गं. तुझ्यामुळे वाचतेय," काकू म्हणाल्या. "आजवर आल्यागेल्याने मला एकच विचारलं, प्रसाधनगृह कुठे. आता तुझी पाटी सांगते. तुझ्या पाट्या काढल्या तर मी खिडकीवर काळा पडदा टाकीन आणि घरी जाईन."

"काकू, तुम्हाला तो बाण खटकला नाही?"

"माझी खिडकी पाटीच्या पाठीमागे, बाई. मला तिचे फक्त खिळे दिसतात. दिसला असता तर मी ओरडले नसते होय? आधी तू कागदाचे बाण चिकटवून बघत होतीस, तेव्हा वरचा बाण बघून लोक चुकायचे, ते कुणी सांगितलं तुला?"

काकूंनीच सांगितलं होतं. जिन्याचं चित्र आलं तेच मुळी काकूंच्या तक्रारीवरून. ताई ओशाळली.

"जादा पट्ट्यांची पेटी कुठे असते?"

"माझ्या टेबलाखाली. कुलूप नाही. मी काल चहाला उठले होते. कुणीही न्यावी."

"ग्रंथपाल इकडे आले होते?"

"ते कुठे येतात. ते जेवले की आढावा घ्यायला जातात."

"कशाचा?"

"ते कुणी विचारत नाही. दुपारभर आढावा घेतात, मग तोंड धुऊन परत येतात." काकूंनी पान उलटलं. "तुझा भाऊ कुठेय? मघाशी कठडा चाचपत चालला होता. मला म्हणाला, काकू, खून शोधायचा तर प्रेताकडे जावं."

"खून कुठे झालाय?"

"तेच मी विचारलं. म्हणाला, बघून सांगतो."

४. डावीकडे

धाकटा डावीकडच्या बोळात, भिंतीला लागून असलेल्या कठड्यावर हात ठेवून उभा होता.

"ताई, तू सगळ्यांना विचारत फिरतेस, बाण कुणी लावला. काढलं काय गेलं, ते का नाही विचारत?"

"श्राव्य कक्षाची पट्टी. मधली होती म्हणून निघाली असेल."

"या वळणावरही 'श्राव्य कक्ष' लिहिलेली पाटी होती ना? आहे का बघ."

ताईने वर पाहिलं. दोन खिळे होते. पाटी नव्हती.

"आणि खोलीच्या दारावर?"

ती पुढे गेली. दारावर तिने लावलेलं नाव नव्हतं. तिथे जुन्या पत्र्यावर रंगवलेलं 'भांडार' होतं, ते तिने मोठ्याने वाचलं.

"म्हणजे कुलगुरूंना चुकवायचं नव्हतंच कुणाला," धाकटा म्हणाला. "परवा त्यांनी भाषणात सांगितलं होतं, आधी श्राव्य कक्ष बघणार. कुणीतरी अख्खी खोली पुसली. मधे भोक दिसायला नको म्हणून हाताला आली ती पट्टी भरली. श्राव्य कक्ष पाटीवर सापडेना, म्हणून कुलगुरू बिचारे त्या भोकात पडले."

"पण तुला कसं कळलं?"

"इथे हात लाव."

कठड्याच्या भिंतीकडच्या अंगाला, बोटं आपोआप जातात तिथे, ताईने ब्रेलच्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्या जागच्या जागी होत्या. डोळस माणसाने दिसलं तेवढं काढलं होतं. जे फक्त बोटांना दिसतं ते आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"मी 'श्राव्य कक्ष' वाचत वाचत भांडारापर्यंत आलो," धाकटा म्हणाला. "आता दाराला कान लाव. जुनं फर्निचर ठेवायच्या खोलीत फ्रिज कशाला गुरगुरतो?"

दाराला कुलूप होतं. फटीतून गार हवा येत होती आणि तिला अत्तराचा वास होता. ताईने हा वास आज दुपारीच कुठेतरी घेतला होता.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. धाकटा तिला रोज म्हणायचा, दुरुस्ती संपली की तुझी सुटका. ती घसा गरम पाण्याने शेकत म्हणायची, संपेल रे. इतके दिवस दुरुस्ती या फ्रिजची चालली होती.

"दार तोडते," ती म्हणाली.

"अंध भावाच्या साक्षीने दार तोडणं म्हणजे साक्षीदाराशिवाय तोडणं. आधी माणूस सिद्ध कर. आहे का कुणी?"

ताईने हळूहळू मान हलवली, मग त्याला ते दिसत नाही हे आठवून म्हणाली, "आहे. ज्याने वरचा बाण लावला त्याला वाटलं, वर म्हणजे वरचा मजला. हरकत भांडला, म्हणजे तो ऐकत होता. काकूंच्या तक्रारीतून तो नियमच झाला. माझ्या बैठकीत एकच माणूस असा होता की ज्याने काहीच ऐकलं नाही."

"कोण?"

"ज्याने सगळ्याचं कौतुक केलं."

५. जिना

समिती बसली. कुलगुरू मधोमध, कोट बदलून. एका बाजूला ग्रंथपाल, दुसऱ्या बाजूला हरकत. काकूंना पाण्याचे पेले भरायला बोलावलं होतं आणि त्यांनी पुस्तक सोबत आणलं होतं.

"आज सकाळी न घडलेल्या प्रकाराबद्दल," ग्रंथपालांनी सुरुवात केली, "समितीला तीव्र खेद आहे."

ताईने टेबलावर रिकामी चौकट ठेवली. शेजारी 'संदर्भ विभाग' ही पट्टी आणि चौकोनांचा ढीग. आवाज नव्हता म्हणून धाकटा उभा राहिला.

"माझ्या अशिलाचा घसा बसलाय, तेव्हा मी बोलतो. पाट्या उतरवायच्या आधी एक छोटी विनंती. तुम्ही तिघांनी एकेकदा ही पाटी लावून दाखवा. आपण या चौकटीसमोर तळमजल्यावर उभे आहोत असं समजा."

हरकतांनी पट्टी सरकवली आणि दात ओठ खात जिन्याचं चित्र बसवलं. "माझी याला अजूनही हरकत आहे," ते म्हणाले.

काकूंनी पुस्तकातून डोकं न काढता जिन्याचं चित्र बसवलं.

ग्रंथपालांनी दोघांच्या हाताखाली काय चाललंय ते पाहिलंच नाही. ते कुलगुरूंकडे बघून हसत होते. त्यांनी ढिगातून वरचा बाण उचलला, पट्टीशेजारी बसवला आणि एक पाऊल मागे सरून म्हणाले, "अप्रतिम."

कुलगुरू त्या बाणाकडे बघत होते. माणूस आपल्याला चावलेल्या कुत्र्याकडे बघतो तसे.

"हाच," ते नकळत म्हणाले. मग सावरून, "म्हणजे, हा कुठला, मला काय माहीत."

"एखादा बाण चुकतो हो माणसाचा," ग्रंथपाल म्हणाले. "त्यात काय सिद्ध झालं?"

"एवढंच, की पट्टी तुम्ही बदलली," ताई फाटक्या आवाजात म्हणाली. "का बदलली ते भांडारात आहे. दार उघडा."

"किल्ली हरवलीय."

सगळ्यांनी हरकतांकडे पाहिलं. इमारतीच्या प्रत्येक कुलपाची एक किल्ली त्यांच्या कमरेला असते. हरकतांनी जुडगा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "हरकत नाही."

दार उघडलं. आत पडदे, फ्रिज, आणि मधोमध एक लांबलचक सोफा. सोफ्याला उभ्या पट्ट्यांचं जाड कापड. ताईने ग्रंथपालांच्या गालाकडे पाहिलं, मग सोफ्याच्या उशीकडे. मापं बरोबर जुळत होती. वाचून दाखवणारी यंत्रं खोक्यांत बंद होती. एक बाहेर काढलेलं होतं, त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवायला.

सोफ्याचा एक पाय आखूड होता. त्याखाली घडी करून कागद घालतात तशी एक पट्टी घातलेली. ताईने खाली बसून ती ओढून काढली. 'श्राव्य कक्ष'. तिने केलेली या इमारतीतली पहिली पट्टी. सोफा किंचित डगमगला.

"याच्यावर झोपत होतात," ती म्हणाली. "मी रोज घसा फोडून त्याला वाचून दाखवत होते, आणि तुम्ही याच्यावर झोपत होतात."

"आढावा," ग्रंथपाल म्हणाले, पण बारीक आवाजात.

६. तुम्ही इथे आहात

कुलगुरूंनी बराच विचार केला. विचार करताना ते नव्या कोटाची बाही हुंगत होते.

"असं बघा," ते अखेर म्हणाले. "बाण चुकीचा होता असं मान्य केलं, तर त्याने कुणालातरी चुकवलं असं होतं. कुणाला? मी तर झाडूच्या खोलीत गेलोच नव्हतो. म्हणजे बाण चुकीचा नव्हता. म्हणजे तो कुणी बदललाच नाही. म्हणजे ग्रंथपालांनी काही केलेलं नाही."

"आणि मी?" ताईने विचारलं.

"तुम्हीही नाही. तुमच्यावर ठपका नाही. पाट्या राहतील. अगदी आहेत तशाच."

"आहेत तशा म्हणजे तो बाणसुद्धा?"

"तो बरोबर आहे असं आत्ताच ठरलं ना."

"आणि ही खोली?"

कुलगुरूंनी दारावरचा पत्रा वाचला. "हे तर भांडार आहे," ते म्हणाले आणि निघून गेले. जाताना, घरच्या दिवाणखान्यातून निघाल्यासारखा, त्यांनी दिवा मालवला.

ताईने त्या संध्याकाळी काय काय म्हटलं ते इथे देता येणार नाही. एक तर ते फार वाईट होतं, आणि दुसरं म्हणजे तिच्या घशातून त्यातलं निम्मंच बाहेर आलं. पाट्यांना हात लावायची तिला मनाई झाली. संदर्भ विभाग शोधणारी मुलं अजून झाडूच्या खोलीत जातात, आणि काकू पुस्तकात बोट घालून त्यांना बाहेर काढायला उठतात.

कठड्यावरच्या ब्रेलच्या पट्ट्या मात्र राहिल्या. त्या काढायचा ठराव आला होता. पण त्यांवर काय लिहिलंय ते समितीत कुणालाच वाचता येईना, आणि धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "भांडार." तेव्हा ठराव बारगळला. आता रोज दुपारी धाकटा आणि त्याचे मित्र एकामागून एक कठड्याला धरून येतात आणि दार वाजवतात. दार उघडत नाही. आत कुणीतरी कूस बदललेलं त्यांना ऐकू येतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धाकट्याने एक अर्ज सांगितला आणि ताईने तो टाइप केला. टाइप करताना तिने कळा इतक्या जोरात बडवल्या की 'न' निखळून पडला आणि तिला तो दर वेळी हाताने बसवावा लागला. अर्ज असा:

"प्रति, मा. कुलगुरू महोदय. विषय: भांडाराच्या सुयोग्य वापराबाबत. महोदय, आम्ही खाली अंगठे उमटवणारे अंध विद्यार्थी सविनय कळवतो की, आपल्या ग्रंथालयात श्राव्य कक्ष नाही, नव्हता व तो बंदही झालेला नाही, हे आम्ही मान्य करतो. सदर भांडारात ग्रंथपाल महोदय दररोज दुपारी डोळे मिटून आढावा घेतात, ही बाब आम्हां अर्जदारांना विशेष जवळची वाटते. तथापि वाचन यंत्रे खोक्यांत असल्याने, व अर्जदार क्रमांक एक याच्या भगिनीचा आवाज पूर्णतः संपुष्टात आल्याने, ग्रंथपाल महोदयांनी आढावा घेतेवेळी सोफ्यावर पडल्यापडल्या कायद्याच्या क्रमिक पुस्तकातील एक प्रकरण दाराबाहेर ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात वाचावे, असे आदेश व्हावेत. वाचन घोरण्यामुळे खंडित झाल्यास ते मागील पूर्णविरामापासून पुन्हा सुरू करण्यात यावे, ही नम्र विनंती."